विकिपीडियाला बाहेरच्याचं ऐकू येतं ते पेपरात आल्यावरच?

फुरसुंगीकर
अमेरिकन कादंबरीकार फिलिप रॉथच्या 'द ह्यूमन स्टेन' या कादंबरीचा नायक अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकावरून सुचला असावा, असं इंग्रजी विकिपीडियावर होतं. २०१२ मध्ये रॉथनं आपल्या माणसाकरवी कळवलं, हे चूक आहे. उत्तर काय, तर लेखकाचा अधिकार मान्य, पण दुय्यम स्रोत, म्हणजे दुसऱ्या कुणी छापलेलं काही, आणा! म्हातारा भडकला. सप्टेंबरात 'न्यू यॉर्कर' या नियतकालिकाच्या साइटवर त्यानं लांबलचक खुलं पत्र लिहिलं: नायक सुचला तो प्रिन्स्टनच्या मेल्विन ट्युमिन या प्राध्यापकावरून. मग लेखात ते आलं.

२००५ मध्येही तेच. पत्रकार जॉन सीगेनथालर यांचं नाव केनेडी बंधूंच्या हत्येशी जोडणारा खोटा मजकूर चार महिने तसाच होता. त्यांनी 'यूएसए टुडे'त लिहिलं आणि डिसेंबरात निनावी लोकांना नवे लेख सुरू करायची बंदी आली.

ज्याला 'न्यू यॉर्कर' छापत नाही त्यानं कुठे जायचं?

जुना_विकिकर
साफ असहमत. ब्रॉयार्डचं नाव परीक्षणांत आलं होतं. लेखकाला पटत नाही म्हणून ते पुसायचं? मग उद्या आमदाराचा पीए येईल: 'गुन्ह्यांचा परिच्छेद काढा, साहेब स्वतः सांगतायत.' त्यालाही हो म्हणू?

मोगरा
पीए आणि रॉथ एकाच तागडीत? लिहिताना डोक्यात कोण होतं, याला लेखकाशिवाय दुसरा साक्षीदार कुठला आणणार? परीक्षणातलं ठेवा, शेजारी त्याचंही छापा. मिटलं!

अर्धवटराव
डोना स्ट्रिकलंड विसरलात का? मे २०१८ मध्ये त्यांच्यावरच्या लेखाचा मसुदा 'संदर्भ अपुरे' म्हणून परत पाठवला. ऑक्टोबरात बाईंना भौतिकशास्त्राचं नोबेल! बोंब झाल्यावर विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथरीन माहर यांचा खुलासा असा, की जगातच बायकांवर कमी लिहिलं जातं, विकिपीडियात तेच उमटतं. खरंय, पण अर्धंच. २०१३ मध्ये बाई अमेरिकेतल्या ऑप्टिकल सोसायटीच्या अध्यक्ष होत्या. मोठ्या विद्वत्संस्थेचं अध्यक्षपद लेखाला पुरतं, हा विकिपीडियाचाच नियम. तो कुणी उघडून पाहिला नाही, आणि खापर जगावर.

जुना_विकिकर
तपासणाऱ्यानं नियम लावला नाही, यात नियमाचा काय दोष? मसुदे तपासणारे हौशी आहेत, दमडी मिळत नाही. एवढा कळवळा आहे तर या आणि सुधारा.

फुरसुंगीकर
आलंच! रॉथच्या माणसानं आधी तेच केलं होतं. त्याचा बदल उलटवला गेला, म्हणून तर पुढचं रामायण. या म्हणता आणि आलेल्याला हाकलता.
एकच सांगा. लेखाच्या चर्चापानावर (लेखाबद्दल बोलायचं पान) एखाद्यानं पुराव्यानिशी तक्रार टाकली, तर त्याला उत्तर द्यायला बांधील कोण?

जुना_विकिकर
कुणीच नाही. नोकरी आहे का ही?

मोगरा
मग लोक पेपरातच जाणार हो.