मदत हवी आहे: जहाजाचं सीआयआय रेटिंग कसं सुधारू?

नमस्कार मंडळी, मी बल्क कॅरियरवर (कोळसा, धान्य असा सुटा माल नेणारं जहाज) सेकंड इंजिनियर आहे, मूळचा रत्नागिरीचा. आमच्या जहाजाला सीआयआयमध्ये (माल नेण्याची क्षमता आणि कापलेलं अंतर यांच्या मानाने जहाज किती कार्बन सोडतं, त्याची ए ते ई अशी वार्षिक श्रेणी) सलग दोन वर्षं डी आलाय, तिसऱ्यांदा आला की सुधारणेचा प्लॅन लिहून मंजूर करून घ्यावा लागतो म्हणून आत्तापासूनच धडपड चालू आहे. स्पीड १० टक्के कमी केला की इंजिनची पॉवर साधारण २७ टक्क्यांनी उतरते, तेच करतोय, पण इतके दिवस लो लोडवर (कमी ताकदीवर) चालवून टर्बोचार्जर (इंजिनात जास्त हवा ढकलणारं यंत्र) आणि एक्झॉस्ट बॉयलरमध्ये (इंजिनच्या धुराच्या उष्णतेवर वाफ करणारा) काजळी साचायला लागलीये, तिला आग लागली तर काय ही भीती डोक्यातून जात नाही.

त्यात मागच्या ट्रिपला बंदराबाहेर १९ दिवस नांगर टाकून पडलो होतो, जनरेटर चालूच आणि अंतर शून्य, म्हणजे रेटिंगची पार वाट, वर तळाला शेवाळ नि बार्नॅकल (चिकटून बसणारे कवचवाले समुद्री जीव) धरले ते वेगळंच.

कोणी हल क्लीनिंग (जहाजाच्या पाण्याखालच्या भागाची सफाई) आणि प्रॉपेलर पॉलिशिंग करून घेतलंय का? तेलाच्या खपात खरंच किती फरक पडला, किती महिने टिकला? आणि लो लोडवर असताना टर्बो वॉशिंग (टर्बोचार्जर धुणं) किती दिवसांनी करता, रोज थोडा वेळ लोड वाढवता का? आकडे असतील तर प्लीज टाका, कॅप्टनसमोर ठेवायचेत.