४० टक्क्यांखाली सफाईची गरज नाही?

स्कूबा डायव्हिंगमध्ये असं म्हणतात की नायट्रॉक्समध्ये (जादा ऑक्सिजन मिसळलेल्या हवेत) ऑक्सिजन ४० टक्क्यांच्या आत असेल तर रेग्युलेटरला (सिलिंडरमधला दाब कमी करून श्वासाला हवा देणाऱ्या उपकरणाला) वेगळी सफाई लागत नाही. बहुतेक उत्पादक तसंच मानतात, पण त्या आकड्यात सिलिंडर येत नाही. पार्शल प्रेशर पद्धतीने भरताना रिकाम्या सिलिंडरमध्ये आधी शुद्ध ऑक्सिजन सोडतात, हवा नंतर. म्हणजे तयार मिश्रण ३२ टक्क्यांचं असलं तरी व्हॉल्व्हने १०० टक्के ऑक्सिजन सोसलेला असतो. तिथे तेलाचा अंश नकोच, शुद्ध ऑक्सिजनमध्ये तो पेट घेऊ शकतो.

दुसरं, 'सुसंगत' आणि 'स्वच्छ' यांत लोक गल्लत करतात. ओ-रिंग आणि ग्रीस ऑक्सिजनला चालणारं बसवलं की रेग्युलेटर सुसंगत झाला. स्वच्छता मात्र टिकवावी लागते. साध्या कॉम्प्रेसरच्या (तेलाचा अंश येऊ शकणाऱ्या) हवेवर तो एकदा जरी लावला, तरी ती खात्रीची राहत नाही. फर्स्ट स्टेजच्या (रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागाच्या) तोंडाशी जाळीसारखा छोटा फिल्टर असतो, तो बॅटरीच्या उजेडात बघा. तपकिरी, चिकट थर दिसला तर आत काय गेलं असेल ते समजा. (नुसता हिरवा दिसला तर बहुधा पाणी शिरलंय.)

घरात पडलेलं सिलिकॉन ग्रीस ऑक्सिजनसाठी अजिबात नको, फ्लोरिनयुक्तच हवं. टायटॅनियमचा फर्स्ट स्टेजही शुद्ध ऑक्सिजनवर लावू नका, दाबाखाली तो धातूच पेट घेऊ शकतो.

आणि व्हॉल्व्ह झटक्यात उघडू नका हो! वायू एकदम दाबला गेला की क्षणात प्रचंड तापतो, पेट घ्यायला वेगळी ठिणगी लागतच नाही. सावकाश उघडायला दोन-चार सेकंदच जास्त लागतात.