सल्ला हवा: रेडिंगमधला लीजहोल्ड फ्लॅट घेताना काय तपासायचं?

रानजाई
इंग्लंडमधल्या रेडिंगमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट बघतोय, किंमत ३ लाख पौंड. इमारत पाच मजली, २००७ ची. लीज मुळात ९९ वर्षांची, त्यातली ८० वर्षं ७ महिने शिल्लक आहेत. ग्राउंड रेंट (जमिनीचं भाडं) वर्षाला २५० पौंड, दर २५ वर्षांनी दुप्पट. सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा वाटा) साधारण २,४०० पौंड. एजंट म्हणतो सगळं नेहमीसारखंच आहे. नवऱ्याच्या नावावर पुण्यात एक फ्लॅट आहे, त्याचा इथे काही संबंध येतो का? लीज कधी वाढवावी? सर्व्हिस चार्ज अचानक वाढला तर आपल्या हातात काय असतं? पुढेमागे भाड्याने देणं, लाकडी फ्लोअरिंग करणं जमेल का? आणि सोसायटी, सेक्रेटरी, मीटिंग असलं इथे काही असतं का?

पैलतीर
सोसायटी नसते. इमारत आणि जमीन फ्रीहोल्डरची, म्हणजे कायमच्या मालकाची, आपल्याला फ्लॅट लीजच्या मुदतीपुरताच मिळतो; आणि हा फ्रीहोल्डर बहुधा एखादी गुंतवणूक कंपनी असतो. तो मॅनेजिंग एजंट नेमतो, बिलं एजंटकडून येतात. तुमचे हक्क दोनच ठिकाणी सापडतील: लीजच्या कागदात आणि कायद्यात. एजंटच्या माहितीपत्रकावर जाऊ नका. लँड रजिस्ट्रीतून किरकोळ फी भरून लीजची प्रत मिळते, ती ऑफर देण्याआधीच वाचा.

तुमच्या बाबतीत सगळ्यात तातडीचं काय, तर ते ७ महिने. शिल्लक मुदत ८० वर्षांच्या खाली गेली की लीज वाढवण्याच्या किमतीत 'मॅरेज व्हॅल्यू' धरतात, म्हणजे लीज वाढल्यामुळे फ्लॅटची जी किंमत वाढेल तिचा निम्मा वाटा फ्रीहोल्डरला द्यावा लागतो. २०२४ च्या सुधारणा कायद्यात ही पद्धत रद्द करून ९९० वर्षांची मुदतवाढ द्यायची तरतूद आहे, पण ती कलमं हे लिहीपर्यंत लागू झालेली नाहीत. त्या भरवशावर थांबू नका.

आज लागू आहे तो १९९३ चा कायदा. त्याखाली शिल्लक मुदतीत ९० वर्षं वाढतात आणि ग्राउंड रेंट शून्य होतो. आधी दोन वर्षं मालकी लागायची, ती अट ३१ जानेवारी २०२५ पासून गेली. पण मुदतवाढ मागणारी नोटीस द्यायला लँड रजिस्ट्रीत तुमचं नाव लागलेलं असावं लागतं, आणि नोंदणीला कित्येक महिने लागतात. तेवढ्यात तुमची ८० ची रेषा ओलांडली जाईल. त्यावर उपाय असा: ही नोटीस (त्या कायद्याच्या कलम ४२ ची) विकणाऱ्यालाच खरेदी पूर्ण व्हायच्या आधी द्यायला लावायची आणि फ्लॅटच्या हस्तांतरणाबरोबरच त्या नोटिशीचे हक्क स्वतःच्या नावावर करून घ्यायचे. हे दोन्ही एकाच वेळी झालं नाही तर नोटीस बाद होते. सॉलिसिटरला आज ईमेल करा.

नोटिशीत आकडा टाकावा लागतो, म्हणून आधी लीजच्या कामातला सर्व्हेअर गाठून मूल्यांकन करून घ्या. फ्रीहोल्डरला प्रतिनोटिशीसाठी किमान दोन महिने मिळतात. त्याची प्रतिनोटीस आल्यापासून दोन ते सहा महिन्यांच्या खिडकीत ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज केला नाही तर तुमची नोटीस मागे घेतल्याचं धरतात आणि पुढची नोटीस वर्षभर देता येत नाही. तोवर ८० च्या खाली गेलेलं असतं. फ्रीहोल्डरच्या वकिलाचा आणि सर्व्हेअरचा वाजवी खर्चही सध्या तुमच्याच खिशातून.

'नोटीस कशाला, आपसात मिटवू' असं फ्रीहोल्डर म्हणाला तर सावध राहा. अशा आपसातल्या मुदतवाढीत जुन्या लीजची उरलेली मुदत संपेपर्यंत जुना ग्राउंड रेंट चालू ठेवता येतो. तुमचा २०३२ मध्ये ५०० पौंड होणार, म्हणजे आजच्या किमतीच्या ०.१ टक्क्याच्या बराच वर. त्या पातळीला काही बँका कर्ज द्यायला कुरकुरतात.

सप्तरंग
पुण्याच्या फ्लॅटचं मधेच सांगतो, कारण इथेच पुष्कळ जण फसतात. स्टँप ड्यूटीसाठी जगात कुठेही असलेलं घर मोजतात. ३ लाखांवर पहिल्यांदा घर घेणाऱ्याला शून्य, नेहमीच्या दराने ५,००० आणि दुसरं घर धरलं तर २०,००० पौंड. एकत्र राहणारे नवराबायको एकच धरतात, त्यामुळे फ्लॅट फक्त तुमच्या नावावर घेतला तरी सुटका नाही. पुण्यातला हिस्सा ४०,००० पौंडांपेक्षा कमी किमतीचा असेल तर तो सोडून देतात. खरेदीच्या आधीच्या तीन वर्षांत तुम्ही त्याच घरात राहत होतात आणि खरेदीनंतर तीन वर्षांत ते विकलंत, तर जादा भरलेले पैसे परत मागता येतात.

हिशेबनीस
सर्व्हिस चार्ज. २,४०० हा आकडा एकटा काही सांगत नाही. विकणाऱ्याकडून एलपीई१ फॉर्म (लीजच्या फ्लॅटची माहिती देणारा ठरावीक फॉर्म) येईल, त्यासोबत तीन वर्षांचे हिशेब मागा आणि आधी राखीव निधी बघा. २००७ ची इमारत म्हणजे छत, लिफ्ट, बाहेरची रंगरंगोटी यांची पाळी आलेली असणार. निधीत खडखडाट असेल तर पुढचं मोठं बिल तुमच्या नावावर फाटेल. कलम २० ची नोटीस निघाली आहे का, हे लेखी विचारा. वर्षअखेरीची तूट नंतर उगवते, तिच्यासाठी विकणाऱ्याच्या पैशातली काही रक्कम सॉलिसिटरकडे अडकवून ठेवायला सांगा.

कलम २० म्हणजे असं: एखाद्या कामाचा वाटा कोणत्याही एका फ्लॅटमागे २५० पौंडांच्या वर जाणार असेल तर आधी कामाच्या हेतूची नोटीस, मग अंदाजपत्रकांची नोटीस, आणि प्रत्येक वेळी म्हणणं मांडायला ३० दिवस. पहिल्या नोटिशीनंतर तुम्ही स्वतःचा कंत्राटदार सुचवू शकता. ही पायरी गाळली तर फ्लॅटमागे २५० च्या वर वसूल करता येत नाही, मात्र ट्रायब्युनल फ्रीहोल्डरला सूट देऊ शकतं. तुमचं नेमकं काय नुकसान झालं हे दाखवता आलं नाही, तर ती सूट सहसा मिळतेच.

शिवाय १८ महिन्यांचा नियम. खर्च झाल्यापासून १८ महिन्यांत मागणी केली नाही, किंवा खर्च झाल्याचं लेखी कळवलं नाही, तर तो खर्च तुमच्याकडून घेता येत नाही. जुनं बिल आलं की आधी तारखा लावून बघा.

रानजाई
सगळ्यांचे आभार. सॉलिसिटरला ईमेल केली. बिल अवाजवी वाटलं तर भरायचंच नाही, असं केलं तर?

हिशेबनीस
अजिबात नको. सोसायटीत मेंटेनन्स थकवण्याची इकडची आवृत्ती महाग पडते: व्याज, वकिलाचा खर्च, मग बँकेला पत्र आणि टोकाला लीज जप्त करण्याची कारवाई. ३५० पौंडांपेक्षा कमी थकबाकी तीन वर्षांच्या आत असेल तर जप्ती मागता येत नाही, आणि सर्व्हिस चार्जपोटी जप्ती मागायला आधी ट्रायब्युनलचा किंवा कोर्टाचा निर्णय लागतो. तरी त्या वाटेला जाऊच नये. 'तक्रार राखून भरत आहे' असं लिहून पैसे भरा आणि फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे जा. नुसते पैसे भरले म्हणून रक्कम मान्य केली असं धरत नाहीत.

रोखता येतं ते फक्त कागद अपुरा असेल तेव्हा: मागणीपत्रावर फ्रीहोल्डरचं नाव-पत्ता नाही, किंवा सोबत हक्क आणि जबाबदाऱ्यांचा ठरावीक मजकूर जोडलेला नाही. तो कागद दुरुस्त करून पाठवला की पैसे द्यावेच लागतात.

उंबरठा
फ्लोअरिंगबद्दल. बऱ्याच लीजमध्ये किचन-बाथरूम सोडून बाकी खोल्यांत कार्पेट ठेवण्याचं कलम असतं, खालच्यांना आवाज जाऊ नये म्हणून. तसं असेल तर लेखी परवानगी आणि खाली ध्वनिरोधक थर, दोन्ही लागतील. भिंत पाडायची तर वेगळं लायसन्स. खिडक्यांचं कलम जरूर वाचा: चौकट फ्रीहोल्डरची आणि काच तुमची, असं पुष्कळदा असतं. इमारतीचा विमा फ्रीहोल्डर काढतो, घरातल्या सामानाचा तुम्ही.

भाड्याने द्यायला काही लीजमध्ये संमती लागते, काहींत फक्त कळवायचं असतं. संमतीची फी वाजवीच असली पाहिजे, नाहीतर तीही ट्रायब्युनलपुढे नेता येते.

पैलतीर
इमारत पाच मजली आहे म्हणून एक भर. २०२२ चा बिल्डिंग सेफ्टी कायदा ११ मीटर किंवा पाच मजल्यांपासून वर लागू होतो. संरक्षण असलेल्या लीजवर धोकादायक क्लॅडिंगचा (बाहेरच्या भिंतींवरच्या आवरणाचा) खर्च टाकता येत नाही आणि तुमच्या किमतीच्या फ्लॅटला बाकी सुरक्षादोषांसाठी लंडनबाहेर १०,००० पौंडांची मर्यादा आहे. पण संरक्षण आहे की नाही हे १४ फेब्रुवारी २०२२ ला मालक कोण होता आणि तो तिथे राहत होता का, किंवा त्याची यूकेत आणखी किती घरं होती, यावर ठरतं. तेव्हा विकणाऱ्याकडून 'लीजहोल्डर डीड ऑफ सर्टिफिकेट', म्हणजे याच गोष्टी लिहून देणारा कागद, हातात आल्याशिवाय एक्स्चेंज (खरेदीचा बांधील करार) करू नका. घर ताब्यात आल्यावर हाच कागद मिळवायला जुन्या मालकामागे धावावं लागतं, आणि त्याला तेव्हा काही पडलेली नसते.

हिशेबनीस
मॅनेजिंग एजंट अगदीच नाठाळ निघाला तर 'राइट टू मॅनेज' आहे. निम्म्या फ्लॅटवाल्यांनी कंपनी काढून व्यवस्थापन हातात घ्यायचं, फ्रीहोल्डरची चूक सिद्ध करावी लागत नाही. खाली दुकानं असतील तर त्यांचं क्षेत्रफळ ५० टक्क्यांपर्यंत चालतं, मार्च २०२५ पर्यंत ही मर्यादा २५ होती. सोसायटीच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच, सेक्रेटरी कुणी व्हायचं यावरच्या वादासकट.