एक्सएमएलमधी टॅगची नावं एफ१, एफ२ चालू द्यावी का बदलावी?

मोंढावाला_लातूर:
नमस्कार मंडळी, आडतीच्या दुकानाचा डेटा बघायलोय, सोयाबीन-तुरीची आवक, भाव, हमाली, तोलाई सगळं एक्सएमएलमधी (माहितीच्या प्रत्येक तुकड्याला नाव देऊन ठेवायची मजकूर-फाइल) हाय. आधी ज्यानं केलं त्यानं टॅग (म्हणजे त्या तुकड्यांची नावं) ठेवले एफ१, एफ२ ते एफ१४, अन् कुठला काय ते एका वहीत लिहिलेलं, ती वही कुणाकडं हाय देव जाणे. बदलू म्हणलं तर पार्टनर म्हणतो लांब नावानं फाइल जड होते. अन् मराठी नावं चालतात का?

उदगीर_डेटा:
बदलाच भाऊ. झिप केली की तीच तीच नावं दाबून जातात, फाइल जड बिड काही होत नाही. फक्त नाव ठेवताना ती गोष्ट काय आहे ते ठेवा, दिसती कशी ते नको. आमच्याकडं एकानं 'लाल_आकडा' टॅग ठेवलेला, का तर रिपोर्टमधी उधारी लाल दिसायची. पुढं रिपोर्टचा रंग बदलला, टॅग लालच! सरळ 'उधारी' म्हणायला काय झालं होतं. नुसतं 'भाव' पण नको, किमान, कमाल अन् सर्वसाधारण असे तीन असतात, आवक पोत्यात का क्विंटलमधी तेबी अॅट्रिब्यूटमधी (टॅगच्या आतच लिहायची जास्तीची माहिती) टाका नाहीतर पुढचा माणूस अंदाजच लावत बसंल.

परभणीकर:
मराठी नावं १९९८ पासून, म्हणजे एक्सएमएल आलं तेव्हापासूनच चालतात. मधी स्पेस नको, सुरुवात आकड्यानं नको, कोलन नेमस्पेससाठी (वेगवेगळ्या ठिकाणची सारखी नावं वेगळी ठेवायची सोय) सोडा. पण 'शेतकऱ्याचं_नाव' असलं काही ठेवू नका हो, हा 'ऱ्या' दोन तऱ्हेनं टाइप होतो, एक नुक्त्याच्या ऱ नं अन् एक साधा र, हलन्त अन् न दिसणारा जॉइनर (अक्षरं जोडायचं चिन्ह) टाकून. डोळ्याला सेम, पार्सरला (फाइल वाचणाऱ्या प्रोग्रामला) दोन वेगळी नावं, अन् एरर कशामुळं यायलाय ते दिवसभर कळत नाही. तो जॉइनर तर एक्सएमएल १.० च्या २००८ मधल्या पाचव्या आवृत्तीआधी नावात चालतच नव्हता, जुने पार्सर अजून नाकारतात. 'विक्रेता' ठेवा, मोकळे व्हा.

मोंढावाला_लातूर:
विक्रेता फिक्स. हमाली अन् तोलाई एकाच 'खर्च' मधी टाकू का?

उदगीर_डेटा:
नको, 'कपात' टॅग करा अन् त्याच्या आत दोन्ही वेगळे. जुन्या फायली एक्सएसएलटीनं (एक्सएमएल फाइल आपोआप दुसऱ्या रूपात बदलायची भाषा) बदला, हातानं बसू नका. वही नसली तरी जुन्या हिशोबाच्या पट्ट्या असतीलच की दुकानात, दहा-बारा काढून आकडे जुळवा, कुठला एफ काय ते निघतंय.