मदत हवी आहे: ‘प्लॅनेट’ इंजिनाचा क्रँकचा आस

मंडळी, लिव्हरपूल अँड मँचेस्टर रेल्वेच्या ‘प्लॅनेट’चं १:१६ प्रमाणात चालतं मॉडेल करतोय. १८३० चं हे वाफेचं रेल्वे इंजिन. सगळे ‘रॉकेट’ (त्याच्या आधीचं, १८२९ चं प्रसिद्ध इंजिन) करतात, म्हणून मुद्दाम हे घेतलं. आता भोगतोय!

‘रॉकेट’ची सिलिंडरं बाहेर, तिरकी. इंजिन धावताना डोलायचं. दोन्ही इंजिनं बनवणाऱ्या रॉबर्ट स्टीफन्सननी वर्षभरातच ‘प्लॅनेट’मध्ये ती आत, धुराड्याखाली, जवळजवळ आडवी बसवली आणि चालकचाकं (ज्यांना इंजिन फिरवतं ती) पुढून मागे नेली. कल्पना झकास, पण त्यामुळे चालकचाकांचा आस दोन ठिकाणी वाकडा, म्हणजे क्रँकचा करावा लागला. माझं घोडं तिथेच अडलंय.

३.७५ इंची चाकांसाठी ६ मिमी सळई तापवून वाकवली, तर चाकं डुगडुगतात. मग तुकडे जोडून चांदीचा डाग दिला (सिल्व्हर सोल्डरिंग). वाफेऐवजी दाबाच्या हवेवर चालवून पाहिलं आणि चौथ्या मिनिटाला डावा क्रँक कोपऱ्यातच तुटला. (मूळ इंजिनांचेही असे आस तुटायचे, हे समाधान बायकोला पटत नाही.)

दोन प्रश्न. पूर्ण आस एकाच पट्टीतून लेथवर कोरून काढावा, की तुकडे दाबून पिना ठोकाव्यात? आणि मूळ इंजिनात पायाने पॅडल दाबून एक्सेंट्रिक (वाफेच्या झडपा हलवणाऱ्या, मध्य सोडून बसवलेल्या चकत्या) त्यांच्या नळीसकट आसावर बाजूला सरकवत, तेव्हा गाडी उलटी जाई. एवढ्याशा जागेत ती सरकती नळी कुणी बसवली आहे का? फोटो असेल तर फारच उत्तम.