वावरात उभं राहून लोकेशन नाल्यापल्याड दाखवते, त्यासाठी ५जी फोन घ्यावा का? मदत हवी आहे

धुऱ्यावरची:

नमस्कार मंडळी. धागा चुकीच्या जागी टाकला असेल तर हलवा, पण आधी उत्तर सांगा, पोळा होऊन गेला अन् पीक पाहणीचे दिवस भराभर चालले आहेत.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याच्या बाजूला. साडेचार एकर कोरडवाहू, सहा तासं (ओळी) पऱ्हाटी म्हणजे कापूस अन् एक तास तूर अशी पेरणी. घरात फोन दोन. एक बाबांचा बटनाचा, अन् एक टचचा जो नावाला माझा आहे पण खरं तर सगळ्या घराचा, त्यात आईचे भजनाचे व्हिडिओ, भावाचे गेम, बाबांचे बाजारभाव अन् माझं बीएचं सगळं मटेरियल कोंबलेलं आहे. तीन वर्षं जुना, अँड्रॉइड १२, ४जी.

तर काल मी अन् बाबा ई-पीक पाहणी करायला वावरात गेलो. शहरातल्या लोकांसाठी सांगते, २०२१ च्या १५ ऑगस्टपासून राज्यात शेतकऱ्यानं स्वतःच फोनवरून पिकाची नोंद करायची सोय झाली. वावरात जाऊन पिकाचा फोटो काढायचा, फोटोसोबत लोकेशन जाते, अन् नोंद सातबाऱ्यातल्या बारा नंबरात चढते. नाही केली तर पेरा कोरा राहते, मग विम्याला जा, नुकसानभरपाईला जा का हमीभावानं कापूस विकायला जा, जिथं जाल तिथं हेच ऐकावं लागते की पेरा दिसत नाही.

आम्ही वावराच्या मधोमध उभे. पऱ्हाटी माझ्या कंबरेला लागते, पायाखाली चिखल, अन् ऊन असं की स्क्रीनवर फक्त माझंच तोंड दिसत होतं. बाबांनी खांद्यावरचा दुपट्टा काढून फोनवर सावली धरली तेव्हा कुठं वाचता आलं. ॲप म्हणते तुम्ही गटापासून, म्हणजे सातबाऱ्यावरच्या तुमच्या जमिनीपासून, दूर आहात. दूर म्हणजे किती, तर एक किलोमीटरच्या वर! नकाशात पाहिलं तर आम्ही नाल्यापल्याड, ज्या घराशी आमचं एका लग्नातल्या मानपानापासून बोलणं नाही, त्यांच्या वावरात. बाबा म्हणे, "म्या जल्मात तिथं पाय नाई ठेवला, अन् हा फोन मले तिथं नेऊन उभा करते?"

लोकेशन बंद-चालू केलं, फोन बंद-चालू केला, ॲप काढून परत टाकलं, विहिरीच्या काठावर चढून पाहिलं. काहीच फरक नाही. वावरात रेंज म्हणाल तर एक काडी येते अन् जाते.

संध्याकाळी तालुक्याच्या एका मोबाइल दुकानात विचारलं तर तो म्हणे तुमचा फोन ४जीचा आहे म्हणून असं होते, ५जी घ्या, लोकेशन एकदम टाइट येते. १४ हजार. आता २०२५-२६ चा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे म्हणजे पावणेदोन क्विंटल कापूस झाला तो, वेचाई वेगळीच, अन् कापूस तर अजून बोंडातही नाही. बाबा घ्या म्हणून राहिले कारण यंदा सीसीआयला (हमीभावानं कापूस घेणारं सरकारी महामंडळ) कापूस द्यायचा तर कपास किसान ॲपवर नोंदणी लागते, ते म्हणतात आता सगळं फोनवरच आहे तर फोन चांगला पाहिजे. मला दुकानदाराचं पटून नाही राहिलं पण नेमकं उत्तर माझ्याकडं नाही. खरंच ५जीनं लोकेशन सुधारते का? नाहीतर काय करू?

अकोल्याचा भौ:

ताई, दुकानदारानं तुमाले गिऱ्हाईक पाहून सांगतलं. ५जीचा अन् लोकेशनचा काय संबंध? लोकेशन येते वरून, आभायातून. टॉवर कोणताबी असो त्याले. अन् तुमच्या गावात ५जीचा टॉवर तरी हाय काय? नसन तर १४ हजाराचा फोन बी ४जीच पकडन अन् वावरात तीच एक काडी दाखवन. पैसे खिशात ठेवा. आमच्या इकडंबी एकानं असाच नवा फोन घेतला, आता त्याच्यावर रोज रील पाह्यते अन् पीक पाहणी बायकोच्या जुन्या फोनवरून करते.

सिग्नलवेडा:

भौंचं बरोबर आहे. ५जी भारतात १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, तेव्हापासून दुकानात प्रत्येक रोगावर तेच औषध मिळतं. त्याने इंटरनेट फास्ट होतं, आणि तेही टॉवर असेल तिथे.

आता तुमच्या वावरात काय होत असेल ते सांगतो, थोडं लांबेल. जीपीएसचे उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर वर आहेत आणि फोन त्यांचं फक्त ऐकतो, त्यासाठी ना सिम लागतं ना नेट. पण उपग्रह बोलतो फार हळू, सेकंदाला ५० बिट. एक उपग्रह 'मी नेमका कुठे आहे' हे सांगायला अर्धा मिनिट घेतो, आणि मधे झाड आलं, फोन हलला, की त्याचं तेवढं परत ऐकायचं. सगळ्या उपग्रहांचं पूर्ण वेळापत्रक ऐकायचं तर साडेबारा मिनिटं. नेट असलं की फोन ही माहिती नेटवरून झटकन उचलतो, म्हणून गावात दोन सेकंदात लोकेशन येतं. वावरात नेट नाही, मग फोन शोधत बसतो आणि तोवर टॉवरच्या अंदाजाने काहीतरी ठोकून देतो. खेड्यात टॉवर लांब लांब असतात, त्यामुळे तो अंदाज किलोमीटर दोन किलोमीटरने सहज चुकतो.

तर उद्या असं करा. गावात रेंजमध्ये असताना गूगल मॅप्स उघडा, तुमच्या भागाचा ऑफलाइन नकाशा डाउनलोड करा, निळा ठिपका बरोबर येऊ द्या. मग लगेच वावरात जा, नेटवरून घेतलेली माहिती दोन-चार तास चालते. मोकळ्या आभाळाखाली फोन सरळ धरून तीन मिनिटं नुसते उभे राहा. मग ठिपक्याभोवतीचा फिकट निळा गोल पाहा, तो जेवढा मोठा तेवढा फोनलाच भरवसा कमी.

आणि मुख्य प्रश्न, मॅप्समध्ये तुम्ही स्वतःच्या वावरात दिसता की तिथेही नाल्यापलीकडे? हे कळल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही.

खरेदीचा किडा:

फोन घेणारच असाल तर ५जीपेक्षा ड्युअल फ्रिक्वेन्सी जीपीएस (उपग्रहाचे दोन वेगळे सिग्नल ऐकणारं) पाहा, २०१८ मध्ये शाओमीच्या मी ८ मध्ये पहिल्यांदा आलं. शिवाय इस्रोच्या नाविकचा, म्हणजे आपल्या भारतीय जीपीएसचा, सपोर्ट. अचूकता लय वाढते.

सिग्नलवेडा:

वाढते, पण पाच मीटरची दोन मीटर होते. ताईंचं दुखणं किलोमीटरचं आहे. उगाच त्यांना खर्चात पाडू नका.

धुऱ्यावरची:

आज परत गेलो. सिग्नलवेडा दादा, तुम्ही म्हटलं तसंच केलं, मारुतीच्या पारावर नेट येते तिथं नकाशा उतरवला अन् तडक वावरात. सोबत जीपीएस टेस्ट नावाचं एक ॲप पण टाकलं, मैत्रिणीनं सुचवलं होतं, त्यात फोनला कोणते कोणते उपग्रह ऐकू येतात त्याची यादी दिसते, प्रत्येकापुढं देशाचा झेंडा. अमेरिका, रशिया, चीन, अन् खाली दोन तिरंगे! बाबा तर पीक पाहणी विसरूनच गेले, दर मिनिटाला "आपले किती झाले" विचारत होते. तीन मिनिटांत एकूण एकवीस झाले.

अन् मॅप्समध्ये ठिपका अगदी बरोबर. आमची विहीर, तिच्या बाजूचं बोरीचं झाड, तिथंच. गोल पण इतकुसा. मी दहा पावलं चालले तर ठिपका पण सरकला.

मग तिथल्या तिथं, त्याच पायावर उभं राहून पीक पाहणीचं ॲप उघडलं. परत नाल्यापल्याड! तोच फोन, तीच जागा. आता डोकं फिरून राहिलं माझं.

सिग्नलवेडा:

डोकं फिरवू नका, रोग सापडला. फोन चांगला आहे, जीपीएस चांगलं आहे. त्या एका ॲपला तुम्ही खरं लोकेशन देतच नाही आहात.

अँड्रॉइड १२ पासून ॲप पहिल्यांदा लोकेशन मागतं तेव्हा दोन गोल चित्रं येतात, एक प्रिसाइज म्हणजे अचूक, दुसरं अप्रॉक्झिमेट म्हणजे अंदाजे. अंदाजे निवडलं की फोन त्या ॲपला मुद्दाम धूसर जागा सांगतो, साधारण तीन चौरस किलोमीटरचा भाग. हे प्रत्येक ॲपला वेगळं असतं, म्हणून मॅप्स बरोबर आणि हे चूक. सेटिंगमध्ये जा, ॲप्स, ते ॲप, परमिशन, लोकेशन. तिथे सगळ्यात खाली अचूक लोकेशनचं बटन असेल, ते बंद दिसेल. चालू करा.

पटवाऱ्याचा पोरगा:

वरचं सगळं झाल्यावर माझंही ऐका. (पटवारी म्हणजे तलाठी, आता अधिकृत नाव ग्राम महसूल अधिकारी आहे, पण घरीदारी आम्हाला अजून पटवाऱ्याचेच म्हणतात, त्यामुळं नाव बदलत नाही.)

अचूक लोकेशन दिल्यावरही कधी कधी पाच-पन्नास मीटरचा फरक राहते, तो फोनचा नसते. गटाचा नकाशा जुन्या कागदावरून संगणकात उतरवला आहे, वहिवाट एकीकडं अन् रेघ दुसरीकडं असं काही गटात आहेच. तसं झालं तर धुऱ्याजवळ (बांधाजवळ) न राहता वावराच्या मधात जाऊन फोटो काढा. तिथंही नाही घेतलं तर पटवाऱ्याकडं जा, नुसती तक्रार सांगू नका, मॅप्सचा ठिपक्यासकट स्क्रीनशॉट दाखवा.

दुसरं, तुमची तूर आहे मधी. ती मिश्र पिकात घ्या, नुसता कापूस टाकून मोकळे होऊ नका, लोक तिथंच चुकतात अन् मग तूर विकायच्या वेळी आठवते. चुकलं तर नोंद केल्यापासून ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येते. रेंज नसन तर फोटो-माहिती फोनात साठवून ठेवा अन् पारावर येऊन अपलोड करा, आम्ही तसंच करतो.

तिसरं अन् महत्त्वाचं. ताई, तुम्ही ॲप काढून परत टाकलं म्हणता, ते कुठून टाकलं? गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणाऱ्या फाइलवरून तर नाही ना? प्ले स्टोअर सोडून कुठूनच घेऊ नका. कर्जमाफी, पीएम किसान, पीक विमा अशा नावानं एपीके फाइली (प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकायच्या फाइली) फिरून राहिल्या, एकदा टाकली की फोनातले मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, तिसऱ्याच माणसाकडं जातात. आमच्या गावात एकाच्या खात्यातून असेच पैसे गेले. तसं काही झालं तर त्याच घडीला सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरला फोन लावायचा, सकाळची वाट पाहायची नाही.

अकोल्याचा भौ:

आता समजलं, फोनच लाजून राहिला होता खरा पत्ता सांगाले.

धुऱ्यावरची:

झालं! झालं बाप्पा एकदाचं!

अन् आता कबुली. चूक माझीच होती. मागं ग्रुपवर एक मेसेज आला होता की कोणत्याच ॲपला आपली नेमकी जागा देऊ नका, चोर घरी येतात. तेव्हापासून मी जिथं तिथं अंदाजेवालं चित्र दाबून राहिले होते, मोठ्या हुशारीनं. ॲप काढून परत टाकलं तेव्हा पण तेच दाबलं. बाबांना सांगितलं तर ते पाच मिनिटं काहीच बोलले नाही, मग म्हणे, "म्हणजे १४ हजाराचा फोन तुया एका बोटानं वाचवला, अन् त्याच बोटानं आधी दोन दिवस वाया घातले."

पटवाऱ्याचा पोरगा दादा, ॲप प्ले स्टोअरवरूनच होतं, पण ग्रुपवरची एक फाइल भावानं कधीतरी डाउनलोड करून ठेवली होती, टाकली नव्हती, ती उडवली. अन् अनोळखी ॲप टाकायची परवानगी व्हॉट्सॲपला चालू होती ती पण बंद केली.

आज सकाळी नऊच्या आधीच गेलो, ऊन चढायच्या आत. बटन चालू केलं, ॲप उघडलं, अन् गट लगेच पकडला. पहिला फोटो काढला तर त्यात पऱ्हाटीपेक्षा बाबांचा दुपट्टाच जास्त आला, दुसरा बरोबर निघाला. तूर मिश्र पिकात टाकली. धुऱ्यावरचे दोन निंब अन् सागाची सात झाडं पण नोंदवली, बाबा म्हणे ते लिव, ते आज्यानं लावले. मग पारावर येऊन अपलोड, वीसेक मिनिटं गोल फिरत राहिलं पण गेलं.

फोन सध्या घेत नाही. घेऊ तेव्हा बॅटरी अन् उन्हात दिसणारी स्क्रीन पाहून घेऊ, ते मला दुपट्ट्याखाली कळलं.

एक शेवटचं विचारायचं आहे. एकाच फोनवरून दुसऱ्या खातेदारांची नोंद होते ना? कारण पारावर बाबांनी सगळ्यांना झेंड्यांची गोष्ट सांगितली अन् आता सपरीत (ओसरीत) चार काका येऊन बसले आहेत, त्यातल्या एकाचं वावर नाल्यापल्याड आहे, हो, तेच घर. आईनं चहा टाकला आहे.

पटवाऱ्याचा पोरगा:

होते ताई. खातेदार बदला एवढंच. पण प्रत्येकाच्या वावरात जाऊनच फोटो काढा लागन, सपरीतून नाही होत.