'कुडोस'ला मराठीत 'दाद' म्हणावं का?

माझी भाची फॅनफिक, म्हणजे मालिका-पुस्तकांतली पात्रं घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या गोष्टी वाचते, त्यातही एयू (ऑल्टरनेट युनिव्हर्स) जास्त. एयू म्हणजे पात्रं तीच, जग निराळं. बीबीसीच्या 'मर्लिन' मालिकेतला (२००८ ते २०१२) जादूगार तिच्या एका आवडत्या गोष्टीत जुन्या पुस्तकांचं दुकान चालवतो आणि मालिकेतला त्याचा मालक, राजा आर्थर, हे दुकान बंद व्हायच्या वेळी हटकून येणारं गिऱ्हाईक. परवा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या गच्चीवर मी पापड उलटत होते आणि ती शेवटचं प्रकरण वाचून दाखवत होती. संपल्यावर तिनं फोनवर गोष्ट आवडल्याचं कळवणाऱ्या बटणावर बोट टेकवलं. "कुडोस दिला."

"दाद दिलीस म्हण की."

"मावशी, दाद गाण्याला देतात. आणि माझ्या मैत्रिणींना दाद म्हटलं की खाजेचं मलम आठवतं."

मलमाचं खरंच आहे. हिंदीतली ती दाद म्हणजे आपलं गजकर्ण, संस्कृत 'दद्रू'वरून आलेलं. आपली दाद फारसी, तिचा याच्याशी संबंध नाही. पण लिहिलेल्या गोष्टीला दाद देतात की नाही? की 'कौतुक', 'शाबासकी' बरं?

प्रतिसाद १
शाबासकी नकोच. ती वरून खाली येते, पाठ थोपटणारा मोठा लागतो. कौतुकाचंही तसंच झालंय. जुन्या मराठीत कौतुक म्हणजे नवल; आता ते लेकराचं करतात. दाद मात्र जाणकार जाणकाराला देतो. ग्वाल्हेरात ख्याल ऐकत वाढलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गवई समेवर आला की मान आपसूक हलते, ती दाद.

एक फरक आहे. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या संकेतस्थळावर एका कथेला कुडोस एकदाच देता येतो. मैफलीत दर आवर्तनाला दाद जाते. म्हणून तिथले वाचक खाली लांब अभिप्राय लिहितात, कुठलं वाक्य कुठे लागलं ते सांगतात. समेवरची दाद ती.

प्रतिसाद २
फारसीत दाद म्हणजे न्याय. 'कोर्टात दाद मागितली', 'दाद ना फिर्याद' यांत तो अर्थ अजून जिवंत आहे. शिवाय 'ताप औषधाला दाद देत नाही', 'बरणीचं झाकण दाद देईना' हेही आपण बोलतोच. तिथे दाद म्हणजे समोरच्याच्या प्रयत्नाला हलणं. वाचकही गोष्टीनं हलतो, तेव्हाच बटण दाबतो.

मूळ प्रश्नकर्ती
न्यायाचा अर्थ वाचला आणि मला भाचीचं एयूवेड उमगलं. 'मर्लिन'चा शेवटचा भाग २४ डिसेंबर २०१२ ला लागला. आर्थरच्या राज्यात, कॅमेलॉटमध्ये, जादूवर बंदी. आपला नोकरच जादूगार आहे हे आर्थरला कळतं ते प्राणघातक जखम झाल्यावर. तो मर्लिनच्या कुशीत प्राण सोडतो. मग आजचा काळ, म्हातारा मर्लिन रस्त्यानं एकटा चाललाय, शेजारून ट्रक जातो. संपलं. पाच पर्वं, ६५ भाग ज्यांनी त्या एका कबुलीची वाट पाहिली, त्यांनी दाद मागायची कुणाकडे?

ती एयू लिहिणारीकडे मागतात. पुस्तकाच्या दुकानात मर्लिन ते गल्ल्यावर उभ्या उभ्या सांगून टाकतो, आर्थर आधी रागावतो, मग दुसऱ्या दिवशी पुन्हा येतो. भाची हा परिच्छेद वाचताना थांबली होती, आवाज फुटत नव्हता. तिची दाद लागली होती. त्यानंतर तिनं लिहिणारीला दाद दिली. इतकं सगळं एका शब्दात मावत असेल तर मला दुसरा शब्द नको.

अडचण उरते आकड्याची. कुडोस मोजून दाखवतात, आणि 'तीनशे दाद' कानाला खटकतं.

प्रतिसाद १
दाद एकवचनीच राहू द्या. 'कुडोस'ही ग्रीकात एकवचनीच आहे, अर्थ कीर्ती. शेवटचा स अनेकवचनाचा नाही. माणसं मोजा: 'तीनशे वाचकांची दाद'.